सीझनची भरती: उमेदवार मधेच का गळतो

गोव्यात हॉटेलांचा सीझन ऑक्टोबरात सुरू होतो, म्हणून भरती चतुर्थीआधीच उरकावी. चतुर्थीच्या दिवसांत घरी गेलेला माणूस फोन उचलेल ही अपेक्षाच धरू नये.

उमेदवाराला तुमच्याकडचा आतला कारभार दिसत नाही. फोन कधी आला, निकाल किती दिवसांनी कळला, एवढंच त्याला दिसतं. दोन आठवडे काहीच कळलं नाही की त्याला वाटतं, इथे पगारही असाच रखडत असेल. आधी निसटतो तो कामाचा माणूस, कारण त्याला दुसरीकडून बोलावणं असतं. उरलेल्यांतून निवडायची वेळ येते आणि मग 'माणसंच मिळत नाहीत' ही तक्रार सुरू होते.

उशीर बहुतेकदा मुलाखतीत होत नाही, पगाराच्या मंजुरीत होतो. म्हणून जाहिरात देण्याआधीच किमान-कमाल पगारावर मालकाची सही घ्या.

अर्ज आल्यावर दोन दिवसांत फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा: पगाराची अपेक्षा, नोटीस किती दिवसांची, येण्याजाण्याची सोय काय. तिसरा प्रश्न हमखास राहून जातो. साखळी गावात राहणाऱ्या मुलाची वेर्ण्यातली शिफ्ट रात्री अकराला सुटणार असेल, तर कंपनीची बस कुठपर्यंत सोडते हे त्याला पहिल्याच फोनवर सांगा. नाहीतर तो ऑफर घेईल आणि रुजू होणार नाही.

विभागप्रमुख आणि मॅनेजर, दोघांनी घ्यायच्या मुलाखती एकाच दिवशी ठेवा. कुक असेल तर ट्रायलही त्याच दिवशी. निकाल तीन दिवसांत द्या. निर्णय झाला नसेल तरी मेसेज जायलाच हवा: 'तुमचं नाव विचारात आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवतो.' आणि शुक्रवारी कळवाच. हा शब्द मोडला तर गप्प राहण्यापेक्षा जास्त नुकसान होतं.

अति घाईही नडते. दहा मिनिटांच्या बोलण्यावर 'उद्यापासून या' म्हटलं, की इथे माणसं टिकत नसावीत अशी शंका येते. आधी किचन दाखवा, तिथल्या लोकांशी बोलू द्या. मग बेसिक, पीएफ कपात, हातात येणारी रक्कम, जेवण-राहणं असं सगळं लिहून ऑफर लेटर द्या आणि विचार करायला एक दिवस द्या.

सर्वांत जास्त गळती यानंतर, नोटीसच्या काळात होते. राजीनामा दिला की जुना मालक पगार वाढवून देऊ करतो. राजीनाम्याच्या दिवशी फोन करा, पुढे आठवड्यातून एकदा. एका फोनमध्ये युनिफॉर्मचं माप विचारा, एकात पहिल्या आठवड्याचं ड्युटीचं वेळापत्रक सांगा.