व्हीनस फ्लायट्रॅप काळं पडतंय? आधी त्याला खायला घालणं थांबवा आणि या चुका टाळा

फ्लायट्रॅप म्हणजे किडे खाणारं झाड, आणि ट्रॅप म्हणजे त्याच्या पानांच्या टोकाचे, किडा आला की तोंडासारखे मिटणारे सापळे. नवीन आणलेल्या फ्लायट्रॅपचे ट्रॅप काळे पडायला लागले की बहुतेक जण पहिली गोष्ट काय करतात, तर माशी पकडून आणून त्याच्या तोंडात घालतात. बिचारं उपाशी असेल म्हणून. पण हे झाड उपासमारीने मरत नाही हो. बाकीच्या झाडांसारखंच तेही उन्हावर स्वतःचं जेवण स्वतः बनवतं, किड्यातून त्याला मिळतो तो नायट्रोजन-फॉस्फरसचा वरखुराक, आणि तो नाही मिळाला तरी महिनोन्महिने काही बिघडत नाही. ते मरतं पाण्याने, मातीने, अंधाराने, आणि सगळ्यात जास्त आपल्या लाडाने. आजारी झाडाला किडा भरवला तर तो पचवण्यातच त्याची उरलीसुरली ताकद जाते, वर किडा अर्धवट सडून ट्रॅपला बुरशी लागते ती वेगळीच. तेव्हा झाड सुधारेपर्यंत खाणं बंद.

मेलंय की जिवंत आहे ते आधी बघा

काळे ट्रॅप मोजत बसू नका, त्यावरून काहीच कळत नाही. जुनी पानं काळी पडून गळणं हे या झाडाचं रोजचंच आहे, प्रत्येक ट्रॅप आयुष्यात थोड्याच वेळा मिटतो आणि मग त्याचं काम संपतं. त्यात प्रवास करून आलेलं झाड जागा बदलली म्हणूनही जुनी पानं टाकून देतं. बघायचं ते अगदी मधे, जिथून नवीन पानं निघतात तिथे. तिथे छोटासा हिरवा गुंडाळलेला कोंब दिसतोय आणि बोटाने हलकं दाबलं तर टणक लागतोय, म्हणजे झाड जिवंत आहे, बाहेरची पानं कितीही भयाण दिसू देत. मधला कोंबच काळा आणि लिबलिबीत झाला असेल तर मात्र मामला गंभीर आहे, मग झाड उपटून कंद बघावा लागतो. कंद म्हणजे मातीखालचा पांढरा, कांद्यासारखा भाग. पांढरा आणि कडक असेल तर आशा आहे, तपकिरी होऊन पाणी सुटलं असेल तर तेवढा भाग गेला. इथे एक गंमत लक्षात ठेवा, फ्लायट्रॅपची मुळं मुळातच काळी असतात, फक्त टोकं पांढरट. नवीन माणूस ती बघून "मुळं सडली" म्हणतो आणि कात्री चालवून चांगली मुळं कापून टाकतो. कापायच्या आधी हात लावून बघा, टणक काळं मूळ निरोगी असतं, सडलेलं मूळ मऊ पडतं आणि ओढलं की तुटून हातात येतं.

पाणी, म्हणजे निम्मी केस इथेच

खरं सांगायचं तर मदत मागणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो, पाणी कुठलं घालताय? आणि दहातल्या बहुतेक वेळा उत्तर येतं, नळाचं.

हे झाड जंगली अवस्थेत जगात एकाच भागात उगवतं, अमेरिकेतल्या नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीवर, विल्मिंग्टन शहराच्या आसपासच्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या टापूत. तिथली जमीन वाळूची, दलदलीची, आंबट, आणि पोषणाच्या नावाने शंख. मातीत काही मिळत नाही म्हणून तर किडे पकडायची वेळ आली ना. त्यामुळे याच्या मुळांना क्षारांची सवयच नाही, नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम वगैरे कुंडीत साठत जातं आणि मुळं जळतात. एका दिवसात नाही होत हे, महिना-दोन महिने झाड चांगलं दिसतं आणि मग अचानक नवीन पानंसुद्धा टोकाकडून काळी पडायला लागतात, तेव्हा कुणाला पाण्याचा संशयच येत नाही.

चालतं ते फक्त डिस्टिल्ड पाणी, पावसाचं स्वच्छ पाणी किंवा आरओचं पाणी. पण आरओवाल्यांनो थांबा, घरगुती मशीनमध्ये बऱ्याचदा चवीसाठी शेवटी मिनरल परत मिसळलेले असतात, म्हणून छोटासा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्या आणि मोजा. ५० पीपीएमच्या खाली असेल तर बिनधास्त, १०० च्या आसपास असेल तर अगदीच अडचण असेल तेव्हा एखाद-दोनदा, त्याच्या वर असेल तर नकोच. पाणी उकळून काही उपयोग नाही, जंतू मरतात पण विरघळलेले बहुतेक क्षार तसेच राहतात. पाण्याच्या जगमधला साधा फिल्टर पण पुरत नाही. बाटलीतलं मिनरल वॉटर तर नावातच सांगतंय. एसीतून गळणारं पाणी चालेल का असं खूप जण विचारतात, मीटरवर ते कमीच दिसतं पण त्यात कॉइलवरची धूळ आणि धातू येऊ शकतात, दुसरी सोय असेल तर मी तरी नाही घालणार.

घालायचं कसं, तर कुंडीखाली ताटली ठेवून त्यात एक-दोन सेंटीमीटर पाणी. ते जवळजवळ संपलं की परत भरायचं. माती कधीच कोरडी पडू द्यायची नाही, पण गळ्यापर्यंत बुडवून पण नाही ठेवायचं, कायम पाण्यात उभं राहिलं की कंद सडतो. आतापर्यंत नळाचं पाणी घालत होतात आणि माती योग्य प्रकारची आहे, तर वरून भरपूर डिस्टिल्ड पाणी ओता, खालून वाहून जाऊ द्या, असं तीन-चार वेळा करा. बरेच क्षार धुऊन निघतात.

माती आणि खत

शेणखत, गांडूळखत, बागेची माती, तयार पॉटिंग मिक्स, यातलं काहीही घातलं असेल तर धुऊन वगैरे भागणार नाही, आजच्या आज कुंडी बदला. एरवी हिवाळा संपता संपता रिपॉट करणं बरं, पण खतात बसलेल्या झाडासाठी मुहूर्त बघायचा नसतो. मिश्रण असं घ्या की स्फॅग्नम पीट मॉस (दलदलीतल्या शेवाळाचा कुजलेला भुसा) आणि परलाइट (पांढरे, हलके खडे), साधारण निम्मं-निम्मं, किंवा नुसतं लांब धाग्यांचं स्फॅग्नम मॉस. पाकिटावर बारीक अक्षरात "खत मिसळलेलं" असं काही नाहीये ना ते वाचा, पीटच्या आणि परलाइटच्या पिशवीतसुद्धा खत मिसळून विकतात. कोकोपीट स्वस्त पडतं म्हणून लोक वापरतात, पण त्यात मीठ असतं, पुन्हा पुन्हा धुऊन टीडीएस खाली आणायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. वाळू वापरायची तर सिलिका वाळू, समुद्रावरची किंवा बांधकामाची नको.

करताना घाई नको. पीट सुकं असेल तर पाणी वर तरंगतं, आत शिरतच नाही, म्हणून आधी भिजवून हाताने मळून घ्या, मुठीत दाबल्यावर थोडे थेंब पडले पाहिजेत. परलाइट धुऊन घ्या. झाड कुंडीतून काढून डिस्टिल्ड पाण्याच्या वाडग्यात अलगद हलवा, जुनी माती आपोआप सुटते, मुळं खेचू नका, ती लांब आणि नाजूक असतात. सडलेला भाग असेल तर कात्री स्पिरिटने पुसून कापून टाका. मग नवीन मिश्रणात बोटाने खोल खड्डा करून मुळं सरळ खाली सोडा, पांढरा भाग मातीच्या आत आणि हिरवा कोंब बरोबर मातीच्या पातळीवर. कोंब गाडला तर सडतो, कंद उघडा राहिला तर सुकतो, एवढं एकच सांभाळायचं. कुंडी प्लॅस्टिकची, खाली भोकं असलेली, निदान १०-१२ सेंटीमीटर खोल. मातीच्या कुंडीतून क्षार उतरतात आणि ती पाणीही शोषते, ती बाजूला ठेवा.

आणि हो, आजारी आहे म्हणून चमचाभर लिक्विड खत, हा विचार सुद्धा डोक्यातून काढा. या झाडाच्या मातीत खत कधीच नाही.

ऊन

"टेबलवर छान दिसतं" हा याच्या मृत्यूचा दुसरा मोठा रस्ता. हे सावलीतलं शोपीस नाही, उघड्या माळावरचं झाड आहे, तिथे अधूनमधून वणवे लागून उंच झुडपं जळतात म्हणून याला ऊन मिळतं. दिवसाला चार-सहा तास थेट ऊन लागतं. पानं लांब, लेचीपेची, आडवी पडलेली, ट्रॅप छोटे आणि आतून फिक्के हिरवे असतील तर ऊन कमी पडतंय, चांगल्या उन्हात बहुतेक जातींमध्ये ट्रॅपचा आतला भाग लाल होतो. पण हे वाचून आजच खोलीतलं झाड दुपारच्या उन्हात नेऊन ठेवू नका, भाजून निघेल. आधी सकाळचं तास-दोन तास, मग आठवडा-दहा दिवसांत वाढवत न्या. कडक उन्हाळ्यात काळी कुंडी तापून मुळं उकडतात, त्यापेक्षा पांढरी कुंडी बरी. ऊन येतच नसेल तर एलईडी ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) रोज १२-१४ तास, झाडाच्या जवळ.

काचेच्या बंद बरणीत किंवा प्लॅस्टिकच्या डब्याखाली ठेवलं असेल तर झाकण हळूहळू काढा. फार दमटपणा लागतो हा गैरसमज आहे, मुळाशी ओल असली की पुरे, बंद डब्यात उन्हाची वाफ आणि बुरशी एवढंच मिळतं.

बोट घालून ट्रॅप मिटवणं

घरी पाहुणे आले की हा कार्यक्रम ठरलेला. ट्रॅपच्या आत प्रत्येक बाजूला साधारण तीन बारीक केस असतात, साधारण वीस सेकंदांच्या आत दोनदा स्पर्श झाला की ट्रॅप मिटतो, आणि आतला किडा धडपडत राहिला, केसांना आणखी धक्के लागले तरच पचनाचे रस सुटतात. म्हणजे पावसाच्या एका थेंबाने फसायचं नाही याची सोय झाडाने करून ठेवलीये, पण आपल्या बोटाने ते फसतंच. रिकामा मिटलेला ट्रॅप एक-दोन दिवसांनी उघडतो, फुकटची ताकद गेली ती गेली. मुलांना दाखवायचंच असेल तर झाड धट्टंकट्टं झाल्यावर किडा देऊन दाखवा ना.

तो देताना ट्रॅपच्या एक तृतीयांशाएवढाच द्या, पाय बाहेर राहिला तर ट्रॅप नीट बंद होत नाही आणि सडतो. मेलेला किडा दिला तर मिटलेला ट्रॅप बाहेरून बोटांनी हळूच चोळावा लागतो, नाहीतर हालचाल नाही म्हणून तो तसाच उघडतो. मटण, चिकन, चीज, काहीही नाही. महिन्यातून एक-दोन ट्रॅपना मिळालं तरी खूप झालं, आणि झाड बाहेर असेल तर ते स्वतःचं स्वतः बघून घेतं.

हिवाळ्यात "मेलं" म्हणून फेकून देणं

दिवस लहान झाले की हे झाड झोपी जातं. ट्रॅप काळे पडतात, नवीन पानं बुटकी आणि जमिनीला चिकटलेली येतात, वाढ थांबते. तीन-चार महिने १० अंशांच्या खाली पण फार गोठणार नाही अशी जागा मिळाली की वसंतात ते जोमाने उठतं. या काळात माती फक्त ओलसर ठेवा, ताटलीत पाणी साठवू नका. जिथे थंडी पडतच नाही तिथे लोक मुळं धुऊन, ओलसर स्फॅग्नममध्ये गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवतात, अधूनमधून उघडून बुरशी बघतात. चालतं ते, पण नुकतंच रिपॉट केलेलं, रोडावलेलं झाड लगेच फ्रिजमध्ये कोंबू नका. एखादी झोप हुकली तर मरत नाही, वर्षानुवर्षे हुकत राहिली तर मात्र खंगत जातं.

वसंतात मधून एक जाड, गोल टोकाची दांडी सरळ वर यायला लागली तर ती फुलाची. अशक्त झाड असेल तर पाच सेंटीमीटरची झाली की कापून टाका, फुलोरा खूप ताकद खातो. वाईट वाटतं, पण कापा.

आता थांबा

पाणी बदललं, माती बदलली, ऊन मिळतंय, तर निदान महिनाभर काहीही करू नका. रोज उपटून मुळं बघणारे लोक मला माहितीयेत. काळी झालेली जुनी पानं परत हिरवी होणार नाहीत, पूर्ण काळी झाली की कापा, अर्धी हिरवी असेल तर राहू द्या, ती अजून कामाची आहेत. सुधारणा फक्त नवीन पानांवरून कळते. पहिली एक-दोन पानं वेडीवाकडी किंवा बिनट्रॅपची येऊ शकतात, त्याने घाबरू नका. पण एकामागून एक सगळीच नवीन पानं पिळवटलेली येत असतील तर कोंबात भिंगाने बघा, मावा असतो बहुतेक वेळा. अख्खं झाड कुंडीसकट एक-दोन दिवस डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवलं तर मावा बुडून मरतो आणि झाडाला काही होत नाही. साबणाचं पाणी मारू नका, ते याला सोसत नाही.

आणि मधला कोंब गेलाय पण कंदाचा एखादा पांढरा तुकडा किंवा एखादं हिरवं पान शिल्लक असेल, तरी कुंडी रिकामी करू नका. पान खाली ओढून, बुडाचा पांढरा भाग त्याच्यासोबत येईल असं काढा, ओल्या स्फॅग्नमवर आडवं टेकवा, बूड थोडं झाका, वर पारदर्शक पिशवी, भरपूर उजेड पण थेट ऊन नको. एवढ्यापुरती ती पिशवी चालते. एक-दोन महिन्यांत पांढऱ्या बुडाशी बारीक हिरवे ठिपके दिसले तर ती पिल्लं आहेत, मोठ्या ट्रॅपचं झाड व्हायला त्यांना दोन-तीन वर्षं लागतील.