परदेशात शिकून आलात, आता ते नोकरी देणाऱ्याला सांगायचं कसं?

परदेशात एखादं सेमिस्टर किंवा अख्खी डिग्री करून आलेल्यांचे सीव्ही वाचताना मला एक गोष्ट कायम खटकते. युनिव्हर्सिटीचं नाव ठळक अक्षरात, देशाचं नाव त्याहून ठळक, आणि खाली एकच ओळ, "वेगळ्या संस्कृतीचा अनुभव घेतला, आत्मविश्वास वाढला". संपलं. अहो, एवढे महिने तिथं काढले, परक्या भाषेत लेक्चर समजून घेतली, अनोळखी लोकांबरोबर प्रोजेक्ट पूर्ण केले, ते सगळं गेलं कुठं? समोरच्या माणसाला तुम्ही कुठं राहून आलात याचं कौतुक दोन मिनिटं असतं, त्यानंतर त्याला कळून घ्यायचं असतं की तिथं तुम्ही काय काम केलंत आणि काम अडलं तेव्हा काय केलंत, कारण उद्या त्याच्या ऑफिसात पण काहीतरी अडणारच आहे.

म्हणून सीव्ही उघडायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि त्या काळातले असे प्रसंग आठवून लिहा जिथं काहीतरी अडलं होतं. कोर्समधलं, लॅबमधलं, ग्रुप असाइनमेंटमधलं, पार्टटाइम नोकरीतलं, स्टुडंट क्लबमधलं, कुठलंही चालेल. फिरणं, फोटो, वीकेंडच्या ट्रिपा बाजूला ठेवा. प्रत्येक प्रसंगापुढे चार गोष्टी लिहायच्या, परिस्थिती काय होती, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही स्वतः काय केलंत आणि शेवटी झालं काय. इंटरव्ह्यूच्या भाषेत यालाच स्टार पद्धत म्हणतात, म्हणजे सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. "अशी एखादी वेळ सांगा जेव्हा..." अशी सुरुवात असलेले प्रश्न सगळीकडे विचारले जातात आणि त्यांचं उत्तर याच चार खणांत नीट बसतं. यात तिसरा खण सगळ्यात मोठा हवा. बहुतेक जण पहिल्या खणातच पाच मिनिटं घालवतात, शहर कसं होतं, थंडी किती होती, आणि खरं काम सांगायची वेळ येते तेव्हा समोरचा पुढच्या प्रश्नावर गेलेला असतो.

एक उदाहरण घेऊन बघू. समजा तिथं एका कोर्ससाठी चार जणांच्या टीमने सार्वजनिक लायब्ररीतल्या ज्येष्ठ वाचकांचा सर्वे केला. पहिल्या आठवड्यात फॉर्म अर्धवट भरून परत यायला लागले. टीममधले बाकीचे म्हणाले, लोकांना इंटरेस्ट नाही. पण तुमची ती भाषा अजून कच्ची होती, त्यामुळे तुम्ही स्वतः ज्या प्रश्नांपाशी अडखळलात नेमके तेच प्रश्न वाचकांनी सोडलेत हे तुमच्या लक्षात आलं, एकेका वाक्यात दोन-दोन प्रश्न कोंबलेले होते. तुम्ही ते तोडून छोटे केले, आधी थोड्या लोकांकडून भरून घेऊन बघितले, मग सगळ्यांना दिले, आणि फॉर्म पूर्ण भरून यायला लागले. आता हेच सीव्हीत कसं येतं बघा. "परदेशात आंतरराष्ट्रीय टीमसोबत सर्वे प्रोजेक्ट केला" ही ओळ कुणीही लिहू शकतं. त्याऐवजी "ज्येष्ठ वाचकांच्या सर्वेत फॉर्म अर्धवट येत होते, त्याचं कारण शोधून प्रश्नावली सोप्या भाषेत पुन्हा लिहिली, आधी छोट्या गटावर तपासली, नंतर बहुतेक फॉर्म पूर्ण भरून आले" असं लिहिलं की माणूस दिसतो. देशाचं नाव या ओळीत नाही आणि त्याची गरज पण नाही, ते वर युनिव्हर्सिटीसोबत आलेलंच असतं. किती फॉर्म, किती टक्के, असे आकडे तुमच्याकडे खरे असतील तर जरूर टाका, नसतील तर अंदाजपंचे टाकू नका, पुढचाच प्रश्न त्या आकड्यावर येतो.

आणि एकच प्रसंग प्रत्येक अर्जात सारखा लिहायचा नाही बरं का. डेटाच्या नोकरीसाठी अर्ज असेल तर अपुरी उत्तरं कशी ओळखली आणि लोक कुठले प्रश्न सोडून देतायत याचा पॅटर्न कसा काढला हे पुढे आणा. ग्राहकांशी बोलायचं काम असेल तर वयस्कर लोकांना फॉर्म भरताना काय त्रास होत होता ते तुम्ही कसं ओळखलंत ते सांगा. प्रोजेक्ट कोऑर्डिनेशनची जागा असेल तर टीमचं मत वेगळं असताना त्यांना बदल कसा पटवला तो भाग मोठा करा. घटना तीच, फक्त जाहिरातीत जे मागितलंय त्या बाजूने सांगायची. जाहिरातीतले शब्दही जमतील तिथे तसेच वापरा, कारण मोठ्या कंपन्यांत सीव्ही आधी एटीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि तिथं शब्द जुळवून शोध घेतला जातो.

आता डिग्री आणि मार्क. हा भाग रुक्ष वाटतो पण इथेच चांगल्या मुलांचं नुकसान होतं. जर्मनीत १.० सगळ्यात चांगला आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, त्यामुळे १.७ मिळवणारा हुशार विद्यार्थी नुसतं "ग्रेड १.७" लिहितो आणि ४ पैकी जीपीए (म्हणजे सरासरी ग्रेड, जास्त तेवढा चांगला) बघायची सवय असलेल्या एचआरला वाटतं हा कसाबसा सुटलाय. फ्रान्समध्ये मार्क २० पैकी असतात आणि तिथं १४ म्हणजे चांगला शेरा, ब्रिटनमध्ये साधारण ७० टक्क्यांच्या वर फर्स्ट क्लास मिळतो, जे ९० टक्के ऐकायची सवय असलेल्याला कमी वाटणार. म्हणून ग्रेडपुढे कंसात स्केल लिहाच, "१.७ (१.० सर्वोत्तम, ४.० पास)", एवढंच पुरतं. स्वतःच हिशोब करून टक्केवारी बनवू नका, युनिव्हर्सिटीने किंवा मूल्यांकन करणाऱ्या संस्थेने अधिकृत रूपांतर दिलं असेल तरच ते लिहा. युरोपातली क्रेडिट म्हणजे ईसीटीएस, पूर्ण वर्षाला ६० असतात आणि एका क्रेडिटमागे साधारण २५ ते ३० तासांचं काम धरतात, म्हणजे ६ क्रेडिटचा कोर्स कमीत कमी १५० तासांचा झाला. हे माहीत नसलेल्या माणसाला ६ हा आकडा किरकोळ वाटतो, तेव्हा विचारलं तर तासात सांगा. युरोपातल्या बऱ्याच देशांत डिग्रीसोबत डिप्लोमा सप्लिमेंट मिळतं, त्यात डिग्रीची पातळी आणि ग्रेडिंगची पद्धत समजावलेली असते, तो कागद फाइलमध्ये पुरून ठेवू नका, जोडा.

एक्सचेंजला गेला असाल तर ते एक्सचेंज म्हणूनच लिहा, हे मी अगदी कळकळीने सांगते. मूळ युनिव्हर्सिटीच्या डिग्रीखाली एक उपओळ, "एक्सचेंज सेमिस्टर", त्यापुढे तिथल्या युनिव्हर्सिटीचं नाव आणि महिने. काही जण परदेशी युनिव्हर्सिटी वेगळी ओळ करून अशी टाकतात की वाचणाऱ्याला डिग्रीच तिथली वाटते, मग बॅकग्राउंड चेकमध्ये उघडं पडतं आणि जे खरं होतं त्यावरचाही विश्वास उडतो. इरॅस्मस ही युरोपातली विद्यार्थी एक्सचेंजची योजना १९८७ पासून चालू आहे तरी युरोपच्या बाहेर प्रत्येक एचआरला ते नाव माहीत असेलच असं नाही, स्कॉलरशिप मिळाली असेल तर ती कशाच्या जोरावर मिळाली ते अर्ध्या ओळीत लिहा.

भाषेबद्दल "फ्लुएंट" हा शब्द सोडून द्या. युरोपियन चौकटीत ए१ ते सी२ अशा सहा पातळ्या आहेत आणि त्या जगभर ओळखल्या जातात, त्यातली तुमची खरी पातळी लिहा, आणि परीक्षा दिली असेल तर परीक्षेचं नाव आणि वर्ष. जपानीची जेएलपीटी असेल तर एन५ सगळ्यात खालची आणि एन१ सगळ्यात वरची हे सांगावं लागतं, शिवाय त्या परीक्षेत बोलण्याचा पेपर नसतो, तेव्हा बोलायची सवय कुठून झाली ते वेगळं लिहिलं तर तुमचाच फायदा. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचा स्कोर साधारणपणे दोन वर्षंच ग्राह्य धरतात म्हणून जुना असेल तर तारखेसकट लिहा. आणि सीव्हीत भाषा लिहिलीत की समोरचा अचानक त्याच भाषेत प्रश्न विचारू शकतो, तयारी ठेवा. बी१ असताना बी१ लिहिलंत आणि सावकाश पण नीट बोललात तर छाप चांगलीच पडते.

पार्टटाइम नोकरी लपवू नका! कँटीनमध्ये भांडी घासली, गोदामात खोकी लावली, हे लिहायला मुलांना लाज वाटते आणि मला ते बघून फार वाईट वाटतं. परक्या भाषेत सुपरवायझरच्या सूचना समजून, शिफ्ट सांभाळून, परीक्षा पण पास झालात, ही कुठल्याही मॅनेजरला आवडणारी गोष्ट आहे. आठवड्याला किती तास काम केलंत ते लिहा, नवीन मुलांना शिकवलं असेल, रोकड हाताळली असेल, तेही लिहा.

इंटरव्ह्यूत बोलताना "आम्ही केलं, आम्ही ठरवलं" असं होतं, मग समोरच्याला विचारावं लागतं की त्यात तुम्ही काय केलंत. टीमचं श्रेय टीमला द्या, पण तुमचा वाटा "मी" म्हणूनच सांगा. प्रसंग दीड-दोन मिनिटांत संपवायचा, घरी मोठ्याने बोलून फोनवर रेकॉर्ड करून ऐका, मनातल्या मनात सराव केला तर नेहमी छोटंच वाटतं. दुसरं म्हणजे "तिकडे असं नसतं, तिकडे सगळं वेळेवर चालतं" हे टाळा. नोकरी देणारा इथे बसलाय, त्याला तुलना नको असते. तिथली एखादी पद्धत खरंच उपयोगी असेल, मीटिंगनंतर कोण काय करणार ते लगेच लिहून सगळ्यांना पाठवणं वगैरे, तर ती तुमची सवय म्हणून सांगा.

दोन प्रश्न हमखास येतात. "परत का आलात?" आणि "पुन्हा जाणार का?" त्यामागे भीती एवढीच असते की शिकवून तयार केलेला माणूस सोडून जाईल. खरं उत्तर द्या, पण ते या नोकरीशी जोडा, इथे काय काम करायचंय आणि का. पहिल्या सेमिस्टरला मार्क घसरले असतील तर तेही विचारतील, तेव्हा सबबी न देता पद्धत नवीन होती हे एका वाक्यात आणि तुम्ही त्यावर काय बदल केलात हे तीन-चार वाक्यांत.

कागदपत्रांची घाई शेवटच्या आठवड्यात करू नका. डॉक्टर, नर्स, वकील, शिक्षक अशा नियंत्रित पेशांत परदेशी डिग्रीला मान्यता आणि नोंदणी लागतेच, त्यामुळे प्रक्रिया कुठपर्यंत आलीय ते सीव्हीतच लिहा. काही ठिकाणी अपोस्टिल, म्हणजे कागदपत्र खरं असल्याचा दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का मागतात, त्याला वेळ लागतो.

राहिली शिफारस. तिथल्या प्राध्यापकांकडे दरवर्षी ढीगभर विद्यार्थी येतात, "मी तुमची विद्यार्थिनी, रेफरन्स द्याल का" एवढ्या मेलवर त्यांना काही आठवणार नाही. कुठला कोर्स, कुठलं सेमिस्टर, कुठला प्रोजेक्ट ते लिहा, तुमचा रिपोर्ट जोडा, ज्या जागेसाठी अर्ज करताय त्याची जाहिरात जोडा आणि त्यांनी कुठल्या कामाबद्दल लिहिलं तर उपयोग होईल ते नम्रपणे सुचवा. नाव आणि मेल आयडी सीव्हीत टाकायच्या आधी त्यांची परवानगी घ्या, आणि कंपनीकडून फोन येण्याची शक्यता दिसली की त्यांना आदल्या दिवशी कळवून ठेवा.