‘एकदा फोटो काढूनच टाका की’ : एक्स-रे, सीटी काढताना या चुका टाळा

मागच्या आठवड्यात करवीर तालुक्यातले एक मामा छातीचा फोटो काढायला आले. सदरा काढा म्हटलं, काढला. गळ्यातली माळ उतरवली. स्टँडला छाती टेकून, हनुवटी वर करून, श्वास धरून अगदी नमुनेदार उभे राहिले. फोटो आला तर डाव्या फुफ्फुसावर लख्ख पांढरा गोल. मामांच्या आतल्या बंडीच्या खिशात चुन्याची पत्र्याची डबी तशीच होती. पुन्हा उभं केलं, पुन्हा फोटो.

राजारामपुरीतल्या एका सेंटरवर मी १८ वर्षं एक्स-रे आणि सीटीचं मशीन चालवतोय. डबी, करदोट्याला बांधलेली किल्ली, ताईत, ब्लाउजचे हूक, अंबाड्यातल्या पिना यांच्यामुळे किती फोटो दुसऱ्यांदा काढावे लागले असतील, त्याला गणती नाही. अशा दुसऱ्या फोटोतला किरणांचा डोस तसा किरकोळ असतो. पण कोल्हापुरात एक्स-रेला अजून ‘फोटो’च म्हणतात, आणि निम्मा घोटाळा तिथंच आहे. फोटो म्हटल्यावर एखादा जास्त काढला तर काय बिघडलं, असंच वाटणार ना. मग सीटीही फोटो, एमआरआयही फोटो, सोनोग्राफीही फोटो. प्रत्यक्षात यातल्या दोघांत किरणं आहेत आणि दोघांत नाहीत.

आधी हिशेब बघू. एक्स-रे आणि सीटी या दोन्हींत क्ष-किरण वापरतात. ते पेशींतल्या डीएनएपर्यंत पोचतात. एमआरआय चुंबकावर चालतं, सोनोग्राफी आवाजाच्या लहरींवर. डोस मोजायचं माप मिलिसिव्हर्ट. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारी किरणं मिळून जगातल्या माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट असेच मिळतात, रंकाळ्यावर नुसतं बसून राहिलात तरी. छातीच्या एका फोटोचा डोस सुमारे ०.०२, म्हणजे तीनेक दिवसांच्या नैसर्गिक किरणांइतका. डोक्याच्या सीटीचा सुमारे २. पोटाच्या सीटीचा ८ ते १०, म्हणजे तीन-चार वर्षांचा डोस एका झटक्यात.

धोका किती? अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीच्या समितीचा अंदाज असा, की १०० माणसांना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट मिळाले, तर त्यातल्या एकाला त्यामुळे आयुष्यात कधीतरी कॅन्सर होऊ शकतो. त्याच १०० जणांपैकी साधारण ४२ जणांना इतर कारणांनी तो होणारच असतो. छातीचा फोटो म्हटल्यावर झोप उडवून घ्यायचं कारण नाही ते यामुळेच. पण पोटाची सीटी वर्षात चार वेळा झाली तर तिला किरकोळ म्हणता येत नाही.

जुन्या प्लेटा घरी ठेवून येणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती टाळायला एक रुपया लागत नाही.

मुतखड्याचा पेशंट घ्या. जानेवारीत कळ आली, एका डॉक्टरांनी सीटी करवली. मार्चमध्ये पुन्हा कळ. पाहुण्यांनी दुसरे डॉक्टर सुचवले. त्यांनी विचारलं, ‘जुनी सीटी आहे?’ ‘आहे की, घरात हाय.’ घर गडहिंग्लजला, दवाखाना शाहूपुरीत. मग नवी सीटी. एप्रिलमध्ये तिसरे डॉक्टर. खडा तोच, जागा जवळजवळ तीच, आणि तीन महिन्यांत वीस-पंचवीस मिलिसिव्हर्ट अंगावर. यात डॉक्टरांना दोष देणं सोपं आहे, पण पुढ्यात जुनं काहीच नसेल तर त्यांनी अंदाजपंचे ऑपरेशन ठरवायचं काय?

आणलेल्या प्लेटांचीही कथा असते. सुरळी करून कॅरीबॅगेत, कॅरीबॅग खिळ्याला, पावसाळ्यात दमट भिंतीला टेकलेली. दिवाळीपर्यंत प्लेटा एकमेकींना चिकटतात. ट्यूबलाइटसमोर धरून मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला तर ‘काहीतरी आहे’ यापलीकडे डॉक्टरांना काही दिसत नाही. सीटीत शेकडो काप असतात, फिल्मवर त्यातले मोजकेच छापतात. म्हणून सेंटरवरून निघतानाच सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. प्लेटा सपाट ठेवा, पाकिटावर तारीख घाला. आणि डॉक्टर बदलणार असाल तर आधी ते पाकीट पिशवीत टाका, मग चप्पल घाला.

त्या सीडीत आणखी एक काम होऊन जातं. शेवटच्या चित्रांत बहुतेक वेळा आकड्यांचं एक कोष्टक असतं. त्यात डीएलपी, म्हणजे त्या स्कॅनमध्ये सोडलेल्या एकूण किरणांचं माप, हा आकडा शोधा. पोटाच्या सीटीत त्याला ०.०१५ ने गुणलं की ढोबळ मिलिसिव्हर्ट मिळतात. डीएलपी ५२० असेल तर ७.८. डोक्यासाठी मात्र गुणक ०.००२१. त्यामुळे डोक्याच्या सीटीचा डीएलपी ९५० दिसला तरी डोस २ च्या आसपासच येतो. ‘डोक्याचा आकडा पोटाच्या दुप्पट आला, मशीन बिघडलंय’ म्हणून एक इंजिनिअर गृहस्थ माझ्याशी अर्धा तास वाद घालत होते. आकडा बरोबर होता, गुणक चुकला होता. हे गुणक मोठ्या माणसांसाठी आहेत, लहान मुलांना वेगळे लागतात.

कोष्टकात तीच जागा दोनदा-तीनदा स्कॅन झालेली दिसली तर गोंधळू नका. आधी साधी, मग शिरेतून आयोडीनचं औषध सोडून, मग थोडं थांबून परत, असं काही आजारांत करावं लागतं. मात्र प्रत्येक फेरीला डोस वाढतो. म्हणून आधीच विचारा, ‘साधी सीटी लागणारच आहे का, की थेट औषध सोडून चालेल?’ चांगला रेडिओलॉजिस्ट या प्रश्नावर रागावत नाही.

पाठ दुखली की थेट मशीनमध्ये

ऊसतोडीच्या हंगामात आमच्याकडे पाठ आणि कंबरवाल्यांची रांग लागते. ट्रॉली भरणारे, मोटरसायकलवरून चाळीस-चाळीस किलोमीटर जाणारे, तालमीतले पैलवान. चार दिवस कंबर धरली की मागणी ठरलेली : ‘फोटो काढा, नाहीतर एमआरआय तरी करा.’

कंबरेच्या एक्स-रेचा डोस छातीच्या फोटोच्या सुमारे ५० पट किंवा त्याहून जास्त असतो, कारण किरणांना पोटाच्या जाड भागातून पलीकडे जायचं असतं. आणि साध्या दुखण्यात पहिल्या सहा आठवड्यांत त्यातून उपचार बदलतील असं क्वचितच काही सापडतं. एमआरआयमध्ये किरणं नाहीत, पण तिथं दुसरीच गंमत. पन्नाशीच्या, पाठ अजिबात न दुखणाऱ्या १०० माणसांचा एमआरआय काढला तर साधारण ६० जणांच्या रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’, म्हणजे मणक्यांमधली चकती फुगलीय, असं लिहून येतं. रिपोर्ट वाचल्यावर माणूस वाकायचाच बंद होतो, आणि मग पाठ खरोखर आखडते.

मात्र पायातली ताकद गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, ताप येतोय, वजन उतरतंय, पूर्वी कॅन्सर झालाय किंवा उंचावरून पडलाय, तर सहा आठवडे थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. वर्षातून एकदा ‘फुल बॉडी’ पॅकेजात सीटी करून घेणाऱ्यांना काय सांगावं! तक्रार नसताना पोटाची सीटी केली की कुठंतरी एखादी गाठसदृश छाया दिसतेच, आणि ती निरुपद्रवी आहे हे सिद्ध करायला आणखी दोन सीटी.

कोरोनाच्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, ही हौस टोकाला गेली होती. स्वॅबच्या रिपोर्टची वाट न बघता माणसं एचआरसीटीच्या, म्हणजे छातीच्या बारीक कापांच्या सीटीच्या रांगेत. घरात पाच जण असले तर पाचही जणांचा स्कोअर, म्हणजे फुफ्फुस किती बिघडलंय त्याचा आकडा. दिल्लीच्या एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी मे २०२१ मध्ये एक सीटी म्हणजे ३०० ते ४०० छातीचे एक्स-रे असं सांगितलं. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेनं ते खोडून काढलं, आजची कमी डोसची मशीनं त्याहून खूपच कमी देतात असं त्यांचं म्हणणं. मशीन आणि सेटिंगप्रमाणे आकडा बदलतो, हे खरंच आहे. पण ज्याला ताप नाही, धाप नाही, ऑक्सिजन ९८ आहे, त्याच्या सीटीनं गोळी बदलणार होती का, हा प्रश्न त्या वादात हरवला.

आणि घाबरून नको म्हणणं

वरचं वाचून कुणी सीटीच नको म्हणू लागलं, तर माझ्या लिहिण्यानं नुकसानच व्हायचं. हायवेवर कागलजवळ गाडी घसरली, पोराला उलट्या होतायत, झापड येतीय, आणि आई दारात आडवी : ‘नको बाई, डोक्यात रेडिएशन जातंय म्हणे.’ तिथं दोन मिलिसिव्हर्टचा विचार करायचा नसतो. बेशुद्ध पडणं, वारंवार उलट्या, फिट, वाढती झोप, नाकाकानातून रक्त किंवा पाणी, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे आजोबा डोक्यावर पडणं, यात डॉक्टरांनी सीटी सांगितली तर लगेच आत घ्या. उलट कट्ट्यावरून पडून जरा रडलेलं आणि पुन्हा खेळायला लागलेलं मूल डॉक्टरांनी चार-सहा तास नजरेखाली ठेवूया म्हटलं, तर ते टाळाटाळ करत नाहीत. मुलांच्या वाढत्या पेशींना किरणं जास्त बाधतात आणि पुढं जगायचंही जास्त असतं, म्हणून तो विचार असतो. अपेंडिक्सच्या शंकेतही मुलांना आधी सोनोग्राफी करतात ती त्यासाठीच. मुलाची सीटी ठरलीच तर ‘सेटिंग वजनाप्रमाणे कमी केलंय ना?’ एवढं विचारा.

गरोदरपणाचं तसंच. पाळी चुकली असेल तर आम्ही विचारायची वाट बघू नका. सासू किंवा दीर सोबत असले की बायका ‘नाही’ म्हणून मोकळ्या होतात, म्हणून मी हल्ली सगळ्यांना बाहेर काढून विचारतो. पण दिवस गेल्याचं कळायच्या आत छातीचा किंवा हाताचा फोटो निघाला, म्हणून गर्भ पाडायला निघालेली जोडपी मी पाहिलीत. छातीच्या फोटोत गर्भापर्यंत ०.०१ मिलिग्रेसुद्धा (मिलिग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या किरणांचं माप) पोचत नाही, आणि ५० मिलिग्रेच्या खाली व्यंगाचं प्रमाण वाढल्याचं दिसलेलं नाही. आधी डॉक्टरांशी बोला.

सोनोग्राफीत किरणं नाहीतच, तरी कागदपत्रं इतकी का, असं विचारतात. ती गर्भलिंगनिदानाच्या १९९४ च्या कायद्यामुळे. आपल्या जिल्ह्यात तर मुलींची संख्या घसरल्यावर सोनोग्राफी मशीनला नोंद ठेवणारी ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ यंत्रं बसवली होती आणि प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलं. तो वेगळा विषय.

खोलीतल्या चुका

एका पेशंटमागे पाच नातेवाईक ही कोल्हापूरची माया झाली, पण एक्स-रेच्या खोलीत ती दाराबाहेर ठेवा. मूल धरायला कुणी लागलंच तर एकच, गरोदर नसलेलं माणूस, शिशाचा अ‍ॅप्रन घालून. दर वेळी आमच्या सेंटरवरच्या पोरानं धरायचं म्हणू नका. तो दिवसभर इथंच असतो. त्याच्या छातीवर अ‍ॅप्रनच्या आत लावलेला, किरणं मोजणारा टीएलडी बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, आणि त्या पोराच्या डोसची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. भिंतीवर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लावलेला आहे का, तेवढं जरूर बघा.

पेशंटच्या पोटावर मात्र आता अ‍ॅप्रन घालत नाहीत, आणि त्यावरून भांडणं होतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनंच तो सरसकट घालणं थांबवा असं सांगितलं. शरीरात आतल्या आत विखुरणारी किरणं त्यानं अडत नाहीत, आणि अ‍ॅप्रन नेमका बघायच्या जागेवर आला तर फोटो पुन्हा काढावा लागतो.

फोटो झाल्यावर किरणं ‘धुऊन काढायला’ शहाळं प्यावं का? शहाळं आवडीनं प्या. बटण सोडलं की किरणं संपली, खोलीतही नाहीत आणि अंगातही नाहीत. औषध सोडून सीटी झाली असेल तर पाणी पिण्यात अर्थ आहे, कारण ते आयोडीनचं औषध किडनीतून जातं. म्हणून सीटीआधी किडनीचं काम दाखवणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट, मधुमेहाच्या मेटफॉर्मिनच्या गोळ्या आणि पूर्वी अशा औषधानं अंगावर गांधी उठल्या होत्या का, हे लपवू नका. पेट (पीईटी) स्कॅनचं तेवढं निराळं, हा ‘पेट’ म्हणजे पोट नव्हे. त्यात किरणोत्सारी औषधच शिरेतून देतात. त्याचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो, त्यामुळे त्या दिवशी नातवाला मांडीवर घ्यायचं काही तास पुढं ढकला.

आणि ती डबी. एक्स-रेत तिनं फक्त एक फोटो वाया घालवला. पण एमआरआयचं चुंबक चोवीस तास चालू असतं, पेशंट आत नसतानाही. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात नातेवाईक ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला, मशीननं सिलिंडर ओढला आणि त्याचा जीव गेला. एमआरआयच्या दारात आम्ही बंडीचे खिसे उलटे करायला लावतो, पेसमेकर, ऑपरेशनमध्ये आत बसवलेली क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, असं तीन-तीनदा विचारतो, तेव्हा मामांसारखं ‘आत्ताच तर सांगितलं की’ म्हणून वैतागू नका. चौथ्यांदा विचारलं तरी सांगा.