जुनी एटीव्ही घरी दुरुस्त करायची तर

रिसॉर्टवर दोन-तीन हंगाम दामटलेली एटीव्ही, म्हणजे जाड टायरांची, हँडलने वळणारी चारचाकी, विकायला निघते तेव्हा विकणारा एकच सांगतो: इंजिन झकास आहे. बहुतेकदा ते खरंही असतं. खराब झालेलं असतं ते बाकीचं सगळं. एटीव्हीला मारतात ते चिखल आणि पाणी. आपल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, पावसाळ्यात तांबड्या मातीचा पातळ राडा होतो आणि तो सीलच्या फटीतून बेअरिंगमध्ये शिरतो. चिकोडी-गोकाककडची काळी माती चिकटून बसते. मडगार्डखाली, रेडिएटरच्या पात्यांत, चेनच्या गार्डमध्ये ती वाळून विटेसारखी होते. म्हणून हे काम नव्याने शिकणाऱ्याने पाना आधी चाकाला लावावा. इंजिन उघडायची वेळ कदाचित येणारही नाही.

आपल्याकडे दोन जातींच्या गाड्या दिसतात. एक लहान, ११०-१२५ सीसीची, आडव्या सिलिंडरची, मागच्या सलग ॲक्सलला चेनने फिरवणारी. दुसरी मोठी, ४०० सीसीच्या पुढची, सीव्हीटी बेल्टची (पुल्यांवरच्या पट्ट्याने वेग आपोआप बदलणारी), बहुधा चारही चाकांना जोर देणारी. हात बसवायला पहिली घ्या. तिचं इंजिन आपल्या कम्यूटर बाइकच्या घराण्यातलं असतं, त्यामुळे आयटीआयला मोटर मेकॅनिकची दोन वर्षं केलेल्याला, किंवा टू-व्हीलर गॅरेजात हात काळे केलेल्याला, त्यात परकं काही वाटत नाही.

एक गोष्ट आधीच. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ३९ प्रमाणे नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, आणि जुन्या बाजारातल्या बऱ्याच एटीव्हींना नंबरच नसतो. ट्रायल आपल्या शेतात किंवा आवारात घ्या. भीमगडच्या अभयारण्याकडे तर बिलकूल नेऊ नका. विकत घेताना मूळ खरेदीचं बिल मागा आणि त्यावरचा चासी नंबर फ्रेमवरच्या नंबराशी ताडून बघा.

बघायला जाल तेव्हा सगळ्यात आधी इंजिनला हात लावा. गरम लागलं तर तुम्ही यायच्या आधी गाडी चालू केलेली आहे, म्हणजे थंड इंजिन सुरू होण्याचा त्रास झाकलेला असू शकतो. मग डिपस्टिक. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी खुणेच्या वर असेल तर कार्बोरेटरची पेट्रोल अडवणारी नीडल गळतेय; रात्रभर पेट्रोल सिलिंडरमधून खाली क्रँककेसमध्ये उतरतं. असलं ऑइल वंगणाचं काम करत नाही, तेव्हा 'ऑइल जास्तच आहे, बरंच की' असं समजू नका.

नंतर पुढचा भाग जॅकवर घ्या. चाक वर-खाली धरून हलवा: खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. डावी-उजवीकडून धरून हलवा: खडखडलं तर टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याचा, एंड. जोडीदाराला चाक हलवायला लावून तुम्ही सांध्यावर बोट ठेवा, नेमकं काय ढिलं आहे ते बोटाला कळतं. फ्रेमवर ए-आर्मच्या (चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या त्रिकोणी दांड्याच्या) बुडाशी आणि पायदानाच्या वेल्डिंगजवळ रंगात गंजाची बारीक रेघ दिसली तर ती तडा असते. तडा वेल्ड होतो, पण नुसता वरून टाका मारून नाही. टोकाला बारीक भोक पाडून, खाच करून, मग आतून पट्टी.

घरी आणल्यावर धुवा, पण प्रेशर वॉशर लांब ठेवा. तो बेअरिंगच्या सीलवर धरला की मशीन स्वच्छ होतं आणि पाणी आत जातं. साधा पाइप, ब्रश, आणि वाळलेली काळी माती असेल तर तासभर ओली ठेवायची. रेडिएटर असेल तर फॅनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने पाणी सोडा. समोरून जोर लावलात तर माती पात्यांत आणखी घट्ट बसते आणि पाती वाकतात.

आता सुरू न होणारी गाडी. यात क्रम महत्त्वाचा. बॅटरी आरामात असताना मीटरवर १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२ च्या खाली म्हणजे रिकामी. स्टार्टर फिरवताना ९.६ च्या खाली घसरली तर बॅटरी बदलायची. नुसता 'टक्' आवाज येतो आणि फिरत नाही, तर बॅटरीची टोकं, अर्थची वायर आणि सोलेनॉइड (स्टार्टरचा रिले) बघा. काहीच आवाज नाही, तर आधी किल स्विच, मागे लोंबणारी दोरीची सेफ्टी की आणि ब्रेकचा स्विच बघा. बऱ्याच गाड्या ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत, आणि नवशिके त्या आधी अर्धं वायरिंग उकलून बसतात.

प्लग काढा, कॅपमध्ये घालून हेडच्या धातूला टेकवा, पेट्रोलपासून लांब. निळी, करकरीत ठिणगी हवी. लहान इंजिनात गॅप ०.६ ते ०.७ मिलिमीटर. नवा प्लग घेताना आट्यांची जाडी आणि लांबी जुन्याशी जुळवूनच घ्या. लांब प्लग पिस्टनवर आपटतो. आखूड बसवला तर उघड्या आट्यांवर कार्बन जमतो आणि पुढे योग्य प्लग बसता बसत नाही. प्लग आधी हाताने बसवा. हेड ॲल्युमिनियमचं आहे, पान्याने तिरका घुसवलात तर आटे गेलेच समजा.

ठिणगी आहे आणि गाडी उठत नाही, तर दहात आठ वेळा कार्बोरेटर. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते आपल्याच पट्ट्यातल्या उसाचं असेलही, पण ओल ओढतं, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीच्या फ्लोटच्या वाटीत पांढरी-हिरवी पूड साठते. तीन महिने उभी असलेली गाडी म्हणजे आधी वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून निघतं ते पारदर्शक बाटलीत धरून बघायचं. तळाला पाण्याचा थर वेगळा दिसतो.

कार्बोरेटर खोलायच्या आधी फोटो काढा. मग हवेचा/मिश्रणाचा स्क्रू हलकेच आत फिरवत टेकेपर्यंत किती फेरे झाले ते वहीत लिहा, आणि मगच बाहेर काढा. परत बसवताना तेवढेच फेरे. आकडा हरवलाच तर दीड फेऱ्यापासून सुरुवात. तुंबतो तो पायलट जेट, म्हणजे हळू चालीचं पेट्रोल सोडणारी बारीक नळी; त्याचं भोक मिलिमीटरच्या निम्म्याहून बारीक. त्यात सुई किंवा लोखंडी तार घालू नका. भोक ओरबाडलं गेलं की ते मोठं होतं आणि मिश्रण कायमचं बिघडतं. विजेच्या मऊ वायरमधली तांब्याची एक बारीक तार, कार्ब क्लीनर, आणि उजेडाकडे धरून आरपार दिसतं का ते बघणं, एवढंच. मेन जेटच्या वरच्या एमल्शन ट्यूबची आडवी भोकं लोक विसरतात. रबरी डायफ्रामच्या कार्बोरेटरमध्ये रबर काढून ठेवा, क्लीनरने ते फुगतं. नीडलच्या टोकावर गोल खोबण पडली असेल तर घासू नका, बदला.

एवढं करूनही दम नसेल तर व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि रॉकरमधली फट) बघा, कॉम्प्रेशन गेजच्याही आधी. कारण घट्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन कमी दाखवतं, आणि माणूस विनाकारण पिस्टन काढतो. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभं. टॅपेटची दोन गोल झाकणं आणि मॅग्नेटच्या झाकणावरची दोन बुचं काढा. फ्लायव्हील घड्याळाच्या उलट फिरवून 'टी'ची खूण खुणेला लावा. आता दोन्ही रॉकर बोटाने जरा हलले पाहिजेत. एक घट्ट असेल तर तुम्ही दुसऱ्या स्ट्रोकवर आहात, अजून एक पूर्ण फेरा. या आडव्या ११० सीसी इंजिनांत दोन्हीकडे ०.०५ मिलिमीटर ठेवतात. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) पान किंचित ओढ लागून सरकावं. सहज सरकलं तर सैल, अडलं तर घट्ट. चेकनट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. 'टकटक नको' म्हणून घट्ट ठेवणारे पुष्कळ. व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून हेडमध्ये जाते, तो बसलाच नाही तर जळतो. थोडी टकटक परवडते.

यानंतर कॉम्प्रेशन गेज लावा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. साधारण १२० ते १५० पीएसआय आलं तर खूश व्हा. नव्वदच्या खाली आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा: आकडा उसळला तर रिंगा, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह. मोठ्या गाड्यांत स्टार्टला हलकं करणारा डीकॉम्प्रेशनचा कॅम असतो, त्यांचा आकडा कमीच दिसतो. त्यांना हे माप लावू नका.

ऑइल लहान इंजिनात ८०० ते ९०० मिलिलिटर, १०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०, डब्यावर जासो एमए (ओल्या क्लचसाठीचं मानक) लिहिलेलं. कारचं ऑइल नको, क्लच त्याच ऑइलात भिजतो आणि घसरतो. जुन्या गाडीत पहिलं ऑइल चार-पाच तास चालवून फेकायचं, ते फक्त धुवायला. फेकायचं म्हणजे ओढ्यात नव्हे. कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्या.

आता चाकं, जिथे खरा वेळ जातो. खराब बेअरिंगच्या कडेवरचा नंबर पुसून वाचा. ६२०२ म्हणजे १५ × ३५ × ११ मिलिमीटर, ६२०३ म्हणजे १७ × ४० × १२, ६२०४ म्हणजे २० × ४७ × १४, ६२०५ म्हणजे २५ × ५२ × १५. हा नंबर सांगितला की एटीव्हीचं नाव काढायची गरज नाही, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात माल मिळतो. शेवटी टूआरएस, म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील, हेच मागा. पत्र्याच्या झाकणाचं झेडझेड चिखलात टिकत नाही. हबमध्ये ठोकताना जोर बाहेरच्या कड्यावरच, योग्य मापाची गोटी (सॉकेट) धरून. आतल्या कड्यावर ठोकलात तर गोळ्यांचे खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच मेलेलं असतं. हब तापवला आणि बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलं तर ठोकावं फारसं लागत नाही. दोन बेअरिंगांच्या मधली नळी, स्पेसर, विसरू नका. ती नसली तर ॲक्सलचा नट आवळताच दोन्ही कडी आडवी दाबली जातात आणि आठवड्याभरात परत गुरगुर. नटाची काटा पिन दर वेळी नवी.

हबचं घर झिजून बेअरिंग हाताने आत जात असेल तर पंचिंग करून किंवा पत्रा घालून भागवू नका. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाले स्लीव्ह घालून बोअर करून देतात. ए-आर्मचे बुश न मिळाल्यास तिथेच टर्न करून घ्या, पण माप तुम्ही व्हर्नियरने घेऊन, कागदावर आकृतीसह द्या. 'जुन्यासारखा' म्हणून झिजलेला बुश दिला तर झिजल्या मापाचाच नवा मिळतो.

टायरमध्ये हवा ३ ते ७ पीएसआय. नक्की आकडा मडगार्डवरच्या स्टिकरवर असतो. पंपावरच्या गेजवर हा आकडा वाचताच येत नाही आणि पोराने सवयीने तीस भरली तर टायर फाटू शकतो. लो-प्रेशर गेज घ्या, सायकलच्या पंपाने भरा. मागचा ॲक्सल सलग आहे, डिफरन्शियल नाही. एका टायरमध्ये दोन पीएसआय कमी असले तरी गाडी एका बाजूला ओढते, आणि लोक स्टिअरिंगला दोष देतात.

चेनचा झोल २० ते ३० मिलिमीटर. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वाकलेले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला.

सीव्हीटीबद्दल थोडंसंच. बेल्टची रुंदी मोजून मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडा, बाण फिरण्याच्या दिशेने, आणि पुल्यांच्या तोंडावर ग्रीसचा ठिपकाही नको. पाण्यातून गेल्यावर घसरत असेल तर खालचा ड्रेन सोडून न्यूट्रलमध्ये थोडी रेस द्या. चढाला आणि ओझ्याला लो गिअर. हायमध्ये रुतलेली गाडी काढताना बेल्ट एका जागी जळतो.

ब्रेकमध्ये डॉट ४, दर दोन वर्षांनी, जास्त पावसात दरवर्षी, कारण ते हवेतली ओल पितं. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, तिच्याखाली गेली की डिस्क बदला.

मिरगाच्या आधी टाकी आणि कार्बची वाटी रिकामी, बॅटरी काढून घरात, महिन्यातून एकदा चार्ज. गाडी भाताच्या पिंजराशेजारी उभी करू नका. उंदीर एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात आणि वायरिंगचं इन्सुलेशन कुरतडतात. दसऱ्याला पूजेसाठी बाहेर काढाल तेव्हा सेल्फ मारायच्या आधी तो डबा उघडून बघा.