इंटरप्ट हँडलरमधले अनावश्यक मेमरी बॅरिअर काढताना या चुका टाळा

लिनक्सच्या स्टोरेज ड्रायव्हरमध्ये इंटरप्टचे (डिव्हाइसने प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी दिलेल्या संकेताचे) स्टेटस रजिस्टर लिहून पुसल्यावर लगेच 'डब्ल्यूएमबी' (लेखनांसाठी) किंवा 'एमबी' (वाचन-लेखन दोन्हींसाठी) हा मेमरी बॅरिअर, म्हणजे मेमरी-व्यवहारांचा क्रम बांधणारी सूचना, ठेवलेला पुष्कळदा आढळतो. लेखन त्यामुळे डिव्हाइसपर्यंत पोहोचते अशी त्यामागची समजूत असते, आणि मूळ चूक तीच आहे. बॅरिअर फक्त क्रम राखतो. पीसीआय एक्सप्रेसवर मेमरी-लेखन 'पोस्टेड', म्हणजे पोचपावतीची वाट न पाहता पाठवलेले, असल्याने ते वाटेत रेंगाळू शकते, आणि ते पोहोचल्याची खात्री हवी असल्यास त्याच डिव्हाइसचे रजिस्टर परत वाचावे लागते. तेव्हा असा बॅरिअर काढण्यापूर्वी लिहिणाऱ्याचा हेतू शोधावा. हँडलर संपल्यावर तोच इंटरप्ट पुन्हा उठू नये एवढ्यासाठी तो ठेवला असेल, तर त्या जागी परत-वाचन हवे. मात्र त्यात प्रोसेसर उत्तराची वाट पाहत थांबतो, म्हणून ते सरसकट घालू नये.

डोअरबेलच्या (नवे काम आल्याचे डिव्हाइसला कळवणाऱ्या रजिस्टर-लेखनाच्या) आधीचा 'डब्ल्यूएमबी' बहुधा निःशंकपणे काढता येतो, कारण 'राइटएल' (डिव्हाइसच्या रजिस्टरात लिहिणारे कर्नलचे फंक्शन) स्वतःच मेमरीतील आधीची लेखने डिव्हाइसला आधी दिसतील याची हमी देतो. पण ड्रायव्हरचा स्वतःचा मॅक्रो आतून 'राइटएल-रिलॅक्स्ड' (त्याची शिथिल आवृत्ती) वापरत असेल तर ही हमी उरत नाही, म्हणून मॅक्रोची व्याख्या उघडून पाहावीच.

सर्वांत घातक चूक उलट दिशेची आहे: उत्साहाच्या भरात आवश्यक बॅरिअरही काढणे. एनव्हीएमईच्या (एसएसडी जोडण्याच्या मानकाच्या) 16 बाइटांच्या कम्प्लिशन नोंदीतील, म्हणजे काम पूर्ण झाल्याच्या डिव्हाइसने मेमरीत लिहिलेल्या नोंदीतील, फेज बिट बदललेला दिसला की ती नोंद नवी आहे असे ठरते. परंतु त्या बिटावर केलेली 'इफ' तपासणी पुढच्या वाचनांचा क्रम बांधत नाही. प्रोसेसरने उरलेली फील्ड आधीच वाचून ठेवली असतील तर फेज नवा आणि कमांड आयडी जुना अशी सरमिसळ होते, आणि भलतीच विनंती पूर्ण झाल्याचे जाहीर होते. स्टोरेजमध्ये याचा अर्थ वापरकर्त्याचा डेटा बिघडणे असा असू शकतो. तिथे 'डीएमए-आरएमबी' (डिव्हाइसने मेमरीत लिहिलेल्या डेटाच्या वाचनांचा क्रम राखणारा बॅरिअर) राहिलाच पाहिजे. त्याऐवजी 'एसएमपी-आरएमबी' घालणे चूक आहे, कारण तो प्रोसेसरांच्या आपसातील क्रमापुरता असतो आणि एकाच प्रोसेसरसाठी बांधलेल्या कर्नलमध्ये केवळ कंपायलरपुरता उरतो.

बदल फक्त एक्स86 वर तपासून समाधान मानू नये. सामान्य मेमरीतील वाचनांचा क्रम तिथे हार्डवेअरच राखते, त्यामुळे 'डीएमए-आरएमबी' काढूनही सगळे सुरळीत चाललेले दिसते. तोच ड्रायव्हर एआरएम64 वर, अनेक क्यू आणि मोठा भार असताना, क्वचित आणि पुन्हा घडवून आणता न येणारे दोष दाखवू शकतो. एका पॅचमध्ये एकच बॅरिअर काढावा, आणि तो कोणत्या दोन व्यवहारांचा क्रम राखत होता व तो क्रम आता कोण राखते, हे पॅचच्या वर्णनात लिहावे. हे लिहिता येत नसेल तर तो बॅरिअर तूर्त तसाच ठेवावा.