घरच्या बिअरसाठी तीन भांड्यांची मांडणी कशी करावी

अमेरिकेत घरी बिअर बनवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. इथे १९७८ च्या केंद्रीय कायद्याने घरापुरती बिअर बनवायला मोकळीक मिळाली: एकट्या प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २०० गॅलन. महाराष्ट्रात मात्र विनापरवाना बिअर बनवणं कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तिकडे हा खटाटोप करू नका.

भांडी तीन. गरम पाण्याची टाकी, माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) गरम पाण्यात भिजवायचं मॅश टन आणि त्यातून निघालेला गोड रस, म्हणजे वर्ट, उकळायची केटल. बहुतेक जण आधी भांडी विकत आणतात आणि मग ती कुठे बसतात ते बघतात. माझं म्हणणं उलट आहे. पाणी कुठून कुठे जाणार ते आधी ठरवा, भांडी त्या वाटेवर बसवा.

सुरुवात हिशोबापासून. ५ गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या बॅचला साधारण ५ किलो माल्ट लागतं. किलोमागे लिटरभर पाणी माल्टच धरून ठेवतं, तासाभराच्या उकळीत तीन-चार लिटर वाफ होऊन जातं, थोडं तळाशी गाळात राहतं. म्हणजे एकूण पाणी ३० लिटरच्या वर. टाकी आणि मॅश टन १० गॅलनचे पुरतात. केटल मात्र शक्य असेल तर १५ गॅलनची घ्या, कारण पहिली उकळी फुटताना फेस दुधासारखा वर येतो आणि क्षणात ऊतू जातो.

आता उंची. तीन पायऱ्यांची मांडणी केली की पंप लागत नाही, सगळं आपोआप खाली उतरतं. पण मग ७६ अंश सेल्सिअसचं पंधरा-वीस लिटर पाणी डोक्याच्या उंचीवर ठेवावं लागतं. मला ते पटत नाही. तिन्ही भांडी कमरेखाली एकाच रांगेत आणि दोन पंप, हीच मांडणी मी सुचवेन. क्रम टाकी, मॅश टन, केटल. टाकीतल्या कॉइलमधून (गुंडाळलेल्या धातूच्या नळीतून) वर्ट फिरवून मॅश, म्हणजे भिजत घातलेलं माल्ट, ६५ ते ६८ अंशांवर राखणार असाल, तर टाकी आणि मॅश टन शेजारीच हवेत. नळी जितकी लांब तितकी वाटेत उष्णता जाते. केटल सिंकच्या बाजूला ठेवा, शेवटी उकळलेला वर्ट गार करणाऱ्या चिलरला थंड पाणी लागतं.

सगळे कॉक तुमच्या बाजूला, समोर. माझ्या पहिल्या मांडणीत केटलचा कॉक भिंतीकडे होता. तो फिरवायला उकळत्या वर्टवरून हात न्यावा लागे, आणि एकदा वाफेने मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली गेली. तेवढ्यासाठी पूर्ण स्टँड उलटा फिरवून बांधला.

पंप भांड्यांच्या कॉकपेक्षा खाली हवेत. हे पंप स्वतःहून पाणी ओढत नाहीत, आधी ते पाण्याने भरावे लागतात. बाहेरची बाजू वरच्या दिशेला ठेवली तर हवा सहज निघून जाते. प्रवाह कमी करायचा तर बाहेरच्या बाजूचा कॉक आवळा, आतला कधीच नाही. नाहीतर पंप घरघरतो आणि नुसती हवा घुसळत बसतो. नळीच्या जोडाखाली मोटर येऊ देऊ नका, जोड सोडताना पाणी गळतंच.

विजेचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण हिशोब तुम्हालाही माहीत हवा. ५५०० वॅटचा हीटर २४० व्होल्टवर सुमारे २३ अँपिअर घेतो. त्याला ३० अँपिअरचं स्वतंत्र सर्किट आणि जीएफसीआय ब्रेकर (वीज गळताच पुरवठा तोडणारा) लागतो. टाकी आणि केटलचे हीटर एकाच वेळी चालू होणार नाहीत असा निवड-स्विच बसवा. एका बॅचला दोन्ही एकदम लागतच नाहीत: ३० लिटर पाणी १५ अंशांवरून ७५ वर न्यायला या एका हीटरला जेमतेम २५ मिनिटं लागतात. कंट्रोल पॅनेल केटलच्या वर नको, बाजूच्या भिंतीवर हवं. त्यात शिरणाऱ्या वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळावरून टपकेल, पॅनेलमध्ये शिरणार नाही.

तळघरात उकळणार असाल तर केटलवर हूड आणि बाहेर फेकणारा पंखा हवाच. तीन-चार लिटर पाण्याची वाफ भिंतींत मुरली की बुरशी धरते. प्रोपेनचा बर्नर मात्र फक्त उघड्यावर. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो, आणि त्याला वासही नसतो.

स्टँडचं लोखंड कापण्याआधी जुन्या वर्तमानपत्रातून भांड्यांच्या घेराचे गोल कापून जमिनीवर मांडा. सुतळीने नळ्यांच्या वाटा आखा, मधे उभं राहून वळून बघा. मग भांडी नुसती टेबलावर ठेवून थंड पाण्याने अख्खी फेरी करा: भरा, फिरवा, उतरवा, धुवा. कुठली नळी पायात येते, कुठल्या कॉकला हात पोचत नाही, ते तिथेच कळतं. ही फेरी विनाअडथळा पार पडली की मगच स्टँडला भोकं पाडायला ड्रिल हातात घ्या.