व्हील अलाइनमेंट कुठं करावं? आधी गाडीखाली कोण वाकतंय ते बघा

मागच्या पावसाळ्यानंतर माझ्या गाडीचा पुढचा डावा टायर असा खाल्ला गेला की बाहेरून बघितलं तर नव्यासारखा अन् आतल्या बाजूला हात घातला तर तार लागायली. त्याच्या आधीच्या चार महिन्यांत मी दोनदा अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतले होते, दोन्ही वेळेस प्रिंटवर सगळं हिरवंगार, म्हणजे आकडे हद्दीत. दुकानाचं नाव घेत नाही, मशीनबी चांगलं होतं, थ्रीडी, म्हणजे कॅमेऱ्यानं कोन मोजणारं होतं, पण लोअर आर्मचा बुश, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचं रबर, फाटला होता आणि गाडी मशीनवर चढवायच्या आधी खाली वाकून कुणी बघितलंच नाही. बुश गेला की उभ्या गाडीत आकडे बरोबर जुळतात आणि रस्त्यावर ब्रेक दाबला, खड्ड्यात आदळलं की चाक आपली जागा सोडतं. तेव्हापासून मी मशीन कुठलं हे नंतर विचारतो.

आपल्याकडचे रस्ते तर तुम्हाला माहीतच आहेत. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, त्यामुळं वरचं डांबर लाटांसारखं होतं अन् कडा खचतात, त्यात ऊसाचा सीझन सुरू झाला की दोन दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, आणि गावोगावचे बिनरंगाचे गतिरोधक. त्यामुळं पुस्तकात दहा हजार किलोमीटर लिहिलं असलं तरी मी पाच हजारावर दाखवून घेतो, आणि एखादा जोरदार खड्डा बसला तर लगेच.

पण आधी हे बघा की दुखणं अलाइनमेंटचंच आहे का. पहिलं काम हवा. सकाळी टायर थंड असताना चेक करा, किती पाहिजे ते ड्रायव्हरच्या दाराजवळ स्टिकरवर लिहिलेलं असतं. एका बाजूला हवा कमी असली की गाडी तिकडंच ओढते, आणि लोक पाचशे रुपये घालून येतात. ८० च्या पुढं स्टेअरिंग थरथरायलं तर ते बहुतेक बॅलन्सिंगचं काम, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करायचं, समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे म्हणून तिथं ते लगेच कळतं, गावाकडच्या रोडवर वर्षभर कळणार नाही. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर ब्रेक दाखवा. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं धरावं लागत असेल, किंवा टायर एकाच बाजूनं झिजायला असेल, तर मग अलाइनमेंटकडं वळा. अन् एक, पाणी निघून जावं म्हणून रस्त्याला कडेकडं उतार दिलेला असतो, आपण डावीकडून चालतो, म्हणून गाडी हलकी डावीकडं जाते, ते दुखणं नाही.

टायरवर हात फिरवून बरंच कळतं. तळवा आडवा फिरवायचा, एकीकडून जाताना गुळगुळीत अन् परत येताना करवतीच्या दातासारखं टोचायलं तर टो बिघडलाय, म्हणजे दोन्ही चाकं समोर सरळ न बघता आत नाहीतर बाहेर बघायलीत. एकच कड खाल्लेली असेल तर कॅम्बरवर संशय घ्या, म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर झुकलंय. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, मधलाच भाग गेला तर हवा जास्त. टो लई फसवा असतो, चाक फक्त अर्धा अंश तिरकं असलं तरी दर किलोमीटरला जवळपास आठ-नऊ मीटर आडवं घासल्यासारखं होतं, मग लातूरहून संभाजीनगरला जाऊन आलात तर किती झालं ते तुम्हीच काढा.

आता कुठं जायचं. गावातला मिस्त्री दोरी अन् टेप लावून टो जुळवतो, त्याला हसू नका, टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगपासून चाकाला जोडणाऱ्या दांडीचं टोक, बदलल्यावर गाडी शहरापर्यंत न्यायला तेवढं पुरतं, पण ते तेवढ्यापुरतंच, अन् नेताना पळवू नका. स्विफ्ट, वॅगनआर, आय२० असल्या गाड्यांना टायरच्या दुकानातलं थ्रीडी मशीन भरपूर झालं. यांना मागं दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम असतो, तिथं फिरवायला नट नसतो, पुढचा टो तेवढा जुळवतात. तरी रीडिंग चारही चाकांचं घ्यायला लावा, कारण मागचा बीम वाकलेला असेल तर नुसतं पुढचं बघून कितीबी जुळवा, स्टेअरिंग तिरकंच राहणार. एक्सयूव्ही७०० सारख्या गाडीला मागची चाकंही स्वतंत्र असतात, तिथं मागचं जुळवता येणारा माणूस लागतो. आणि गाडीत समोरच्या काचेला कॅमेरा आहे, लेन सोडली की ओरडते, अशी असेल तर पैसे जास्त गेले तरी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच न्या, स्टेअरिंगचा सेन्सर अन् कॅमेरा स्कॅनर लावून परत शिकवावा लागू शकतो, हे काम टायरवाल्याचं नाही.

दुकानात गेल्यावर डिकीतलं सोयाबीनचं पोतं काढा, हवा तिथंच परत भरून घ्या, आणि सरळ म्हणा, "भाऊ, आधी जॅकवर घे अन् चाक हलवून बघ." घड्याळात जिथं ९ आणि ३ असतात तिथं हात धरून चाक हलवलं अन् खटखट लागली तर बहुतेक टाय रॉड, १२ अन् ६ वर लागली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. बुश असा हातानं कळत नाही, तो टॉर्च मारून, पहार लावून बघावा लागतो. "काही गरज नाही सर, मशीन सांगतं सगळं" असं उत्तर आलं तर मी गाडी वळवतो. काही सैल निघालं तर आधी ते बदला, अलाइनमेंट नंतर, उलट क्रमानं केलं तर पैसे दोनदा.

मग चहाला जाऊ नका, उभं राहा. थ्रीडीवर गाडी थोडी मागंपुढं ढकलून घेतात, ती रिमची वाकडीतिकडी चाल धरण्यासाठी असते, ती पायरी कुणी गाळली तर टोका. स्टेअरिंग सरळ करून ते हलू नये म्हणून लॉक लावलं का बघा. टो जुळवताना दोन्ही चाकांचा टो सारखा येईल असे दोन्हीकडचे टाय रॉड फिरवायचे असतात, एकच फिरवला तर आकडा येतो पण स्टेअरिंग वाकडं बसतं. शेवटी लॉकनट घट्ट आवळला का, हे तोंडानं विचारा. कॅम्बर लाल आला आणि पोरगं हायड्रॉलिक जॅक लावून "काढून देतो" म्हणालं तर नाही म्हणा. बहुतेक छोट्या गाड्यांत कॅम्बर फिरवायला सोय नसते, शॉकपच्या बोल्टात थोडीशी जागा असते तेवढीच, त्यापेक्षा जास्त बिघडलंय म्हणजे काहीतरी वाकलंय, ते शोधायला पाहिजे, अजून वाकवायला नको.

पैशाचं म्हणाल तर आमच्याकडं छोट्या गाडीचं चारपाचशेत होतं, बॅलन्सिंगच्या वजनाचे ग्रॅमवर वेगळे लावतात, म्हणून आधीच विचारा. नायट्रोजन ऐच्छिक, मी घेत नाही. साधीच हवा भरून महिन्यातून एकदा चेक केली की भागतं.

नंतर दुकानवाल्यालाच बाजूला बसवून सपाट रस्त्यावर चक्कर मारा, स्टेअरिंग वाकडं वाटलं तर तिथल्या तिथं परत मशीनवर. आधीचं अन् नंतरचं, दोन्ही रीडिंगचं प्रिंट मागून घ्या आणि पीयूसीच्या कागदासोबत ठेवा. पुढच्या वेळेस तेच समोर धरायचं, दोन-तीन हजार किलोमीटरमध्ये टो परत तेवढाच सरकला असेल तर परत जुळवून काही उपयोग नाही, काहीतरी सैल आहे, मिस्त्रीला गाडीखाली पाठवा.